औषधाच्या मापाने मोजलेला आजार

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा माणसाचा आजार आहे. कानात येणारे आवाज, निराधार संशय, तुटक होत जाणारे बोलणे ही त्याची लक्षणे रुग्णाच्या शब्दांतून कळतात आणि उंदराला शब्द नाहीत. तरीही गेली सुमारे सत्तर वर्षे या आजारावरची औषधे माणसापर्यंत पोचण्याआधी उंदरांच्या परीक्षेतून गेली आहेत, आणि मेंदूतल्या कोणत्या संदेशात बिघाड होतो याविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते त्याचा मोठा भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच आला आहे. या प्रयोगांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रुग्णाचे आयुष्य सर्वांत जास्त अडवणारी जी बाजू, म्हणजे लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर मनात धरून ठेवणे, चुकलेला मार्ग सोडून दुसरा घेणे, तिला प्रयोगशाळेत फार उशिरा जागा मिळाली. प्राणी काही सांगू शकत नव्हते, असे याचे कारण नाही. अनेक दशके त्यांना औषधाने आखून दिलेलाच प्रश्न विचारला जात होता. प्रश्न बदलला तसे उत्तरही बदलले, असे मला या इतिहासाच्या आधारे मांडायचे आहे.

लक्ष, स्मृती आणि विचार यांतल्या या बोधनिक दुर्बलतेचा शोध अलीकडचा नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीत या आजाराला उन्माद-विषादापासून वेगळे केले, तेव्हा त्यांनी त्याला दिलेले नावच बुद्धीच्या अकाली ऱ्हासाचे होते. लक्ष आणि निर्णयशक्ती यांतला दोष त्यांना गाभ्याचा वाटत होता. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव रूढ करणारा ग्रंथ लिहिला. त्यांनी विचारांची साखळी विस्कटणे मूलभूत मानले आणि भास व भ्रम यांना जोडीने येणारी लक्षणे म्हटले. दोघांमध्ये मतभेद पुष्कळ होते, पण विचारप्रक्रियेतला बिघाड मध्यवर्ती आहे यावर त्यांचे एकमत होते. प्रयोगशाळेने मात्र सुरुवातीपासून वेगळी वाट धरली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमचे हर्मन डी योंग आणि फ्रान्सचे आंरी बारुक यांनी बल्बोकॅप्निन हे वनस्पतिजन्य द्रव्य प्राण्यांना देऊन त्यांच्यात कॅटाटोनियासारखी ताठर, निश्चल अवस्था निर्माण केली. एका रसायनाने मनोविकाराचे एक चिन्ह प्राण्यात उमटवता येते, हे त्या काळी धाडसाचे आणि महत्त्वाचे प्रतिपादन होते. पण त्यातून पडलेली सवय पुढे टिकली. रुग्णाकडे पाहताना जे डोळ्यांना दिसते तेच प्राण्यात शोधायचे, आणि ते रसायनाने घडवायचे.

या सवयीला खरे बळ मिळाले ते औषध सापडल्यावर. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्सच्या रोन-पूलाँक कंपनीत पॉल शारपाँतिए यांनी क्लोरप्रोमाझिन तयार केले. तिथेच सिमोन कुर्व्हाझिए यांनी ते उंदरांवर तपासले. घंटा वाजली की विजेचा झटका बसणार हे शिकलेला उंदीर घंटा ऐकताच दोरीवर चढून बसे. औषध दिल्यावर घंटेला त्याचा हा प्रतिसाद थांबे. पुढे अशा प्रकारच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की प्राण्याची हालचाल करण्याची ताकद शाबूत असते, कारण प्रत्यक्ष झटका बसला की तो पळतो. इशाऱ्याचे महत्त्व मात्र त्याच्यापुरते नाहीसे झालेले असते. याच सुमारास शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना या औषधाने रुग्णांत येणारी तटस्थ शांतता जाणवली, आणि १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ देले आणि पिएर दनिकेर यांनी तीव्र मनोविकाराच्या रुग्णांत त्याचा परिणाम सिद्ध केला. उन्मळून गेलेली माणसे शांत होऊ लागली, त्यांच्याशी बोलता येऊ लागले. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण दोरीच्या प्रयोगाकडे नीट पाहिले पाहिजे. तो उंदीर निरोगी होता. त्याच्यात स्किझोफ्रेनियाचे काहीही नव्हते. परीक्षा औषधाची होती, आजाराची नव्हे. आणि शिकलेल्या इशाऱ्याला प्रतिसाद न देणे हा त्या परीक्षेत गुण ठरत होता.

औषध का लागू पडते याचा उलगडाही प्राण्यांनीच केला, आणि त्या कथेत मुंबईचा थेट वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडेपणा आणि रक्तदाब या दोहोंवर ती उपयोगी असल्याचे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा आपला अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले, आणि दोनच वर्षांत ते अमेरिकी मनोरुग्णालयांत पोचले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन ससे निश्चल केले आणि त्यांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते द्रव्य, टोचले. ससे पुन्हा हलू-फिरू लागले. मेंदूत डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे, या शोधाकडे नेणारे हे पाऊल होते आणि त्या कामासाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांच्या मेंदूतील बदल मोजून असा तर्क मांडला की क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल संदेश स्वीकारणारे रिसेप्टर अडवत असावीत. १९७०च्या दशकाच्या मध्यावर टोरोंटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळांनी दाखवले की एखादे औषध डोपामिनच्या रिसेप्टरला जितके घट्ट चिकटते तितका त्याचा रुग्णासाठीचा डोस कमी असतो. मनोविकारशास्त्रात इतका स्वच्छ आलेख क्वचितच मिळतो.

या स्वच्छतेतच एक वर्तुळ दडलेले होते. १९५८ मध्ये लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी ॲम्फेटामिनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मनोविकाराचे ४२ रुग्ण नोंदवले होते, आणि पुढच्या दशकात डेन्मार्कच्या रॅन्ड्रुप आणि मुंकवॅड यांनी ॲम्फेटामिन दिलेल्या प्राण्यांचे तेच ते हुंगणे, चाटणे, कुरतडणे अभ्यासले. ॲम्फेटामिन डोपामिन वाढवते, तेव्हा असा उंदीर स्किझोफ्रेनियाचे मॉडेल ठरला. जे द्रव्य त्याची हालचाल थांबवेल ते संभाव्य औषध. त्याच्या जोडीला दुसरी कसोटी होती. उंदराचे पुढचे पाय उंच दांडीवर ठेवायचे. तो तसाच ताटकळत राहिला तर औषधात दम आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये जन्मलेले हॅलोपेरिडॉल याच वळणाच्या प्रयोगांतून पुढे आले. म्हणजे डोपामिन वाढवून मॉडेल बनवायचे, डोपामिन अडवून ते दुरुस्त करायचे आणि दुरुस्ती झाली म्हणून मॉडेल खरे मानायचे. या वर्तुळात जे औषध आधीच्या औषधासारखे तेच उत्तीर्ण होणार. क्लोझापिनची कथा याचा पुरावा आहे. बर्नच्या वांडर कंपनीत हे द्रव्य तयार झाले, पण ते उंदरांना दांडीवर खिळवून ठेवत नव्हते. प्रचलित कसोटीने त्याच्याबद्दल शंकाच निर्माण केली. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि ते मागे पडले. १९८८ मध्ये जॉन केन यांच्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांपैकी क्लोझापिन घेतलेल्या गटात ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनच्या गटात ४ टक्के. उंदरांच्या कसोटीत संशयास्पद ठरलेले औषध रुग्णांच्या कसोटीत सर्वांत प्रभावी निघाले.

यावर एक आक्षेप सरळ आहे. वर्तुळ असेल, पण त्याने औषधे दिली. लाखो लोक त्यामुळे घरी परतले. मग दोष कशाला काढायचा? हा आक्षेप मी हलका मानत नाही. भास आणि भ्रम ओसरणे ही रुग्णाची आणि त्याच्या घराची फार मोठी सुटका असते. परंतु याच काळात काय मोजले गेले नाही हेही पाहायला हवे. १९९६ मध्ये मायकल ग्रीन यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की रुग्ण नोकरी, नाती आणि रोजचे व्यवहार किती सांभाळू शकेल हे त्याच्या स्मृतीशी आणि लक्षाशी जोडलेले असते. भास-भ्रमांच्या तीव्रतेवरून त्याचा अंदाज तितका येत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केटी या मोठ्या अमेरिकी चाचणीत सुमारे १५०० रुग्ण होते आणि त्यांतल्या ७४ टक्क्यांचे ठरवून दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत थांबले. पुढच्या विश्लेषणात जुन्या आणि नव्या औषधांनी बोधनिक क्षमतेत केलेली सुधारणा अल्पच आढळली. दोरीच्या आणि दांडीच्या परीक्षेतून निवडलेल्या औषधांकडून वेगळी अपेक्षा करता येत नव्हती. ज्या परीक्षेत इशारा दुर्लक्षित करणे हे यश, तिच्यात विचारशक्तीचे नुकसान कधी नोंदलेच जाणार नव्हते.

याच दशकांत दुसऱ्या प्रकारचे प्राणी-संशोधन शांतपणे चालले होते, आणि त्याचा स्किझोफ्रेनियाशी सुरुवातीला संबंधही नव्हता. माकडाला दोन जागांपैकी एका जागी खाऊ दाखवायचा, पडदा टाकायचा, काही सेकंदांनी जागा निवडायला लावायची. पडद्याआडच्या त्या सेकंदांत जागा मनात धरावी लागते; हीच कार्यस्मृती. १९३० च्या दशकात कार्लाइल जेकबसन यांनी दाखवले की मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, इजा झालेली माकडे इथेच अडतात. १९७१ मध्ये हवाकिन फुस्टर यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानच्या कुबोता व निकी यांनी, या भागातल्या काही चेतापेशी प्रतीक्षेच्या काळात सतत संदेश देत राहतात हे नोंदवले. १९७९ मध्ये टॉमस ब्रोझोस्की आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांच्या गटाने माकडांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील डोपामिन घटवले, तेव्हा तो भाग काढून टाकल्याइतकीच कार्यस्मृती बिघडली. जे रसायन मेंदूच्या खोल भागात जास्त होते म्हणून अडवायचे, तेच पुढच्या भागात कमी पडले तर विचार कोलमडतो. २००० मध्ये गोल्डमन-राकिक यांच्याच गटाने दाखवले की दीर्घकाळ हॅलोपेरिडॉल घेतलेल्या माकडांची कार्यस्मृती खालावते आणि डोपामिनच्या डी-१ रिसेप्टरला चेतना देणाऱ्या द्रव्याने ती सावरते. मध्यंतरी, १९९२ मध्ये, सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी माकडांसाठी घडवलेल्या कसोटीसारखीच कसोटी रुग्णांना दिली होती आणि तिथे स्पष्ट दोष आढळला होता. माझ्या मते या इतिहासातले निर्णायक वळण हे आहे. प्राणी रुग्णासारखा दिसतो का, हा प्रश्न इथे नव्हताच. एकच काम प्राण्याला आणि माणसाला देऊन ते कोणत्या जाळ्यावर चालते हे पाहिले गेले.

संदेशांच्या या जाळ्याचे दुसरे टोक ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनापाशी सापडले. पार्क-डेव्हिस कंपनीत १९५६ मध्ये फेनसायक्लिडिन हे भूल देणारे द्रव्य तयार झाले. माकडे त्याने शांत होत. माणसे मात्र भुलीतून उठताना भ्रमिष्ट होत. १९५९ मध्ये डेट्रॉइटच्या एलियट ल्यूबी आणि सहकाऱ्यांनी ही अवस्था स्किझोफ्रेनियाशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. १९८३ मध्ये डेव्हिड लॉज यांच्या गटाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की फेनसायक्लिडिन आणि त्याच्याच कुळातले केटामिन ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर अडवतात. १९९४ मध्ये येल विद्यापीठाच्या जॉन क्रिस्टल यांच्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना दिलेल्या केटामिनने भासासारखे अनुभव तर आलेच, शिवाय विचारशक्तीवरही परिणाम झाला. पुढे बिता मोघद्दम यांच्या उंदरांवरच्या कामातून आतली यंत्रणा दिसू लागली. एनएमडीए रिसेप्टर अडवला की प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये आवर घालणाऱ्या पेशी आधी मंदावतात आणि मग उत्तेजक पेशी बेबंद होतात. डेव्हिड लुईस यांच्या गटाला मृत रुग्णांच्या मेंदूत आवर घालणाऱ्या याच प्रकारच्या पेशींत, त्यांचे संदेशवाहक रसायन बनवणारे एन्झाइम कमी आढळले होते. २००९ मध्ये प्रकाशाने पेशी चालू-बंद करण्याच्या तंत्राने उंदरांत सिद्ध झाले की सेकंदाला ३० ते ८० आवर्तनांची गॅमा लय याच पेशी सांभाळतात, आणि ही लय कार्यस्मृतीशी निगडित मानली जाते. औषधाचा परिणाम, रुग्णाचा मेंदू आणि प्राण्याचे जाळे असे तीन स्वतंत्र पुरावे इथे एका ठिकाणी आले.

आता कठीण आक्षेप. हा मार्ग इतका चांगला होता, तर त्यातून औषध का आले नाही? १९९८ मध्ये मोघद्दम यांनी दाखवले होते की ग्लुटामेटच्या दुसऱ्या एका रिसेप्टरवर काम करणारे द्रव्य फेनसायक्लिडिनने उंदरांत झालेला बिघाड, कार्यस्मृतीसह, दुरुस्त करते. २००७ मध्ये त्याच प्रकारच्या औषधाची रुग्णांतली पहिली मोठी चाचणी आशादायक ठरली. २०१२ मध्ये पुढच्या चाचण्या फसल्या आणि ते सोडून द्यावे लागले. बोधनिक दुर्बलतेसाठीच घडवलेले एन्सेनिक्लिन २०१६ मध्ये पडले, आयक्लेपर्टिन २०२५ मध्ये. हे अपयश खरे आहे आणि त्याला बगल देता येत नाही. माझे उत्तर असे की जुन्या वर्तुळातला एक दुवा इथेही शिल्लक होता. निरोगी, प्रौढ उंदराला तासाभरासाठी एक द्रव्य देऊन बिघडवायचे आणि दुसऱ्याने सावरायचे. आजार मात्र तासाभरात घडत नाही. १९९३ मध्ये बार्बरा लिप्स्का आणि डॅनियल वाइनबर्गर यांनी जन्मानंतर आठवड्याच्या आतबाहेर असलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या एका भागाला इजा केली; त्यांच्या वागण्यातले महत्त्वाचे बदल वयात आल्यानंतर उघड झाले. २००६ मध्ये क्रिस्टोफ केलेंडोंक, एलिनॉर सिम्पसन आणि एरिक कँडेल यांनी असे उंदीर घडवले की ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात डोपामिनचे डी-२ रिसेप्टर जास्त होते आणि ते जादा जनुक हवे तेव्हा बंद करता येत होते. उंदरांची कार्यस्मृती कमकुवत निघाली. आणि मोठेपणी जनुक बंद केल्यावरही ती सुधारली नाही. जवळजवळ सगळी औषधे अडवतात त्याच रिसेप्टरचा हा प्रयोग आहे. वाढीच्या वयात झालेली हानी प्रौढपणी तो रिसेप्टर शांत करून भरून निघत नाही, ही शक्यता त्याने ठोसपणे समोर ठेवली. तेव्हा अपयशी चाचण्यांतून मी काढतो तो निष्कर्ष प्राण्यांच्या विरोधात जात नाही. वेळेचा, म्हणजे मेंदूच्या वाढीचा, प्रश्न वगळून केलेल्या मॉडेलच्या विरोधात तो जातो.

जनुकशास्त्राने या वेळेच्या प्रश्नाला पाया दिला. माणसाच्या २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतः गहाळ असेल तर अशा व्यक्तींपैकी सुमारे एकचतुर्थांश जणांना पुढे स्किझोफ्रेनिया होतो. मारिया कारायिओर्गू आणि जोसेफ गोगोस यांच्या प्रयोगशाळेत तोच तुकडा गहाळ असलेले उंदीर तयार झाले. २०१० मध्ये टॉर्फी सिगुर्डसन आणि जोशुआ गॉर्डन यांनी त्यांच्यासह या उंदरांचा अभ्यास केला. भूलभुलैयात कार्यस्मृती वापरताना हिप्पोकॅम्पस आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्स यांच्या लयी जुळायला हव्यात. या उंदरांत त्या नीट जुळत नव्हत्या, आणि ज्यांच्यात जुळणी जितकी दुबळी त्यांना काम शिकायला तितका जास्त वेळ लागला. इथे कोणतेही द्रव्य टोचलेले नाही. कारण माणसातून आले आहे, काम ठरावीक आहे आणि मधला संदेश प्रत्यक्ष मोजला आहे. रसायनाने ताठर केलेल्या प्राण्यापासून इथवरचा प्रवास ऐंशी वर्षांचा आहे.

तरीही कोणी म्हणेल, उंदराचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स माणसाच्या तुलनेत फारच साधा, त्याला भाषा नाही, समाज नाही. मग त्याच्या भूलभुलैयातून माणसाच्या विचाराबद्दल काय कळणार? संपूर्ण आजाराबद्दल काहीच कळणार नाही, हे मान्य केले पाहिजे. उंदराला स्किझोफ्रेनिया होतो असे म्हणणे शास्त्राला धरून नाही, आणि ‘स्किझोफ्रेनियाचा उंदीर’ हा शब्दप्रयोग टाकून दिलेला बरा. पण दोन भागांतल्या लयींची जुळणी, आवर घालणाऱ्या पेशींचे काम, वाढीच्या वयातली नाजूक खिडकी या गोष्टी उंदरात आणि माणसात पुरेशा समान आहेत, आणि त्या जिवंत माणसाच्या मेंदूत पेशीपातळीवर सहसा तपासता येत नाहीत. प्राण्याकडून एका दुव्याची साक्ष घ्यावी. संपूर्ण कथेची अपेक्षा करू नये. प्राण्यांना होणाऱ्या यातनेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर मॉडेल बनवतानाच ठरलेले असते त्यात प्राण्याचा जीव वाया जातो. चांगला प्रश्न विचारणे ही इथे वैज्ञानिक जबाबदारी आहे तितकीच नैतिकही.

या इतिहासातले पहिले सुगावे बहुतेक वेळा माणसांकडून आले आहेत. क्लोरप्रोमाझिनची तटस्थ शांतता रुग्णांत दिसली, क्लोझापिनचे मोल रुग्णांत ठरले, केटामिनचा अर्थ माणसांनी सांगितला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे डोपामिनचे रिसेप्टर न अडवणारे औषधसुद्धा १९९० च्या दशकात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत त्यातल्या झॅनोमेलिनने भास-भ्रम कमी केले होते या निरीक्षणावर उभे आहे. त्या सुगाव्यांचे कारण मात्र प्राण्यांनीच उलगडले. कार्लसनचे ससे, गोल्डमन-राकिक यांची माकडे, गहाळ तुकड्याचे उंदीर यांच्याशिवाय आपण अजून अंदाजच बांधत राहिलो असतो. म्हणून पुढच्या संशोधनाकडून मागावे ते एवढेच: कारण रुग्णांतून घ्यावे, काम माणसाला आणि प्राण्याला एकच द्यावे, मेंदूची वाढ हिशेबात धरावी, आणि जुन्या औषधाशी साम्य हा पुरावा मानू नये. क्रेपेलिन आणि ब्लॉयलर यांनी विचारांतल्या ज्या बिघाडाला आजाराचा गाभा म्हटले, त्यावर आजही खात्रीचे औषध नाही. ते सापडायचे असेल तर प्रयोगशाळेने स्वतःचे माप औषधाकडून न घेता रुग्णाच्या रोजच्या अडचणीकडून घेतले पाहिजे.